चौथ्या पिस्टनचं कारण

परभणी,
९ ऑगस्ट १९८९

प्रिय भुजंग,

तुझ्या पत्रांवर पत्ता नसतो, म्हणून तो लिंबाजीमामांकडून घेतला. त्यांनी तो सहजासहजी दिला नाही. "आता त्या पोराला कशाला बेजार करता गं, जरा मार्गी लागलंय ते," असं म्हणाले. मी म्हटलं, इंजिनाबद्दल लिहायचंय. त्यावर ते आणखीच बिचकले. शेवटी आईने सांगितलं तेव्हा पाकिटाच्या मागे पेन्सिलीने लिहून दिला. आईचे गुडघे सोडले तर घरी सगळे ठीक आहेत. तुझी पत्रं ती मला वाचून दाखवायला लावते. त्यांत मी कशी आहे असं तू कधी विचारत नाहीस, आणि मी ते ओळखून आहे. मी क्रमाने लिहिणार आहे, दुसऱ्या पद्धतीने मला लिहिता येत नाही. मधेच ठेवू नकोस, शेवटपर्यंत वाच.

चौथा पिस्टन गेला. मागच्या महिन्यात, एकवीस तारखेला, सकाळी सव्वासहाला, ओढ्याच्या चढावर. गाड्यावर दुधाचे सहा कॅन होते आणि चालवायला आपला गडी मुंजाजी होता. तू गेल्यावर गाडा सव्वा वर्ष गोठ्यापाशी ताडपत्रीखाली उभाच होता. गेल्या दिवाळीनंतर अण्णांनी दिनकरराव मिस्त्रीला जिंतूरहून बोलावून नवीन पिस्टन टाकून घेतला आणि मुंजाजीला बसवलं. मुंजाजी कसा आहे ते तुला ठाऊक आहे. बैलाला वैरण टाकतानासुद्धा दोनदा मोजतो. पण तेल तो घालत नव्हता, अण्णा घालत होते. आईच्या खोकल्याच्या औषधाचं खुणा असलेलं झाकण त्यांनी तेलासाठी ठेवलं होतं. पेट्रोलमध्ये तेल मिसळायचं काम त्यांनी आठ महिने एकदाही दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. वर प्रत्येक वेळी दोन झाकणं जास्तीची घालत होते. गाडा गेला की गल्लीभर निळा धूर राहायचा म्हणे.

चोवीस तारखेला, सोमवारी, मी कार्यशाळेत पेरणीयंत्राची नळी तपासत होते, तर अण्णा दारात उभे. माझ्या नोकरीच्या तीन वर्षांत ते पहिल्यांदाच विद्यापीठात आले. पहाटेच्या एसटीने आले होते, धोतराला चिखल होता. बसा म्हटलं तर बसले नाहीत. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला पिस्टन काढून माझ्या टेबलावर ठेवला. डोक्याला एका बाजूने वितळल्यासारखी कड, कडेवर उभे ओरखडे, रिंग जागेवर चिकटलेली. मी तो हातात घेऊन फिरवला. अण्णा एवढंच बोलले, "म्या सोताच्या हातानं तेल घातलं हुतं." मग पाणीसुद्धा न घेता साडेअकराच्या गाडीने परत गेले.

मी तो पिस्टन खोलीवर नेला. आधीचे तीन माझ्याकडेच आहेत, हे तुला माहीत नसेल. मोडलेला भाग फेकायचा नाही असं आम्हाला नांदेडला डिप्लोमा करताना शिकवलं होतं, म्हणून मी ते ठेवले होते. खिडकीत चारही ओळीने मांडले. चारही पिस्टनांवरची खूण एकच होती. जिथून धूर बाहेर जातो त्या बाजूला वितळ, आणि तिथेच ओरखडे. मी मात्र तीन वेळा तीन वेगळी कारणं सांगितली होती.

तो गाडा तुझा होता हे मी आधी लिहायला हवं होतं. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात तू मोडीतली दोन-स्ट्रोक मोटारसायकल आणलीस, स्कूटरची चार चाकं आणलीस, आणि बोरीच्या लोहाराकडून सांगाडा जोडून घेतलास. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात बैलगाडी आखापर्यंत रुतते आणि सात वाजता फाट्यावरून दुधाची गाडी निघून जाते. त्याला उपाय म्हणून हलकं, रुंद चाकांचं, चिखलावरून सरकत जाणारं काहीतरी हवं, हे तुझ्या डोक्यातून निघालं, माझ्या नाही. मी हिशेब तपासला, चेन कुठल्या चाकावर किती दात घेईल ते काढून दिलं आणि इंजिन पूर्ण उघडून पुन्हा जोडलं. दहावी नापास भावाने बनवलं आणि डिप्लोमावाल्या बहिणीने जोडलं, असं अण्णा येईल त्याला सांगायचे. त्यातलं पहिलं वाक्य ते हसत सांगत आणि दुसरं ताठ होऊन. तू ते दोन्ही ऐकत होतास. जोडताना गॅस्केटवरून आपला थोडा वाद झाला होता, त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

पहिला पिस्टन त्याच वर्षी पोळा झाल्यावर गेला. मी म्हटलं, मोटारसायकल पळते तेव्हा इंजिनाला वारा लागतो. इथे ते सीटखाली कोंडलंय आणि गाडा चालतो बैलाच्या चालीने. हे कारण खोटं नव्हतं. तेलाचा पत्र्याचा डबा कापून मी वाऱ्याला वाट करून दिली. दुसरा संक्रांतीच्या आधी गेला. तेव्हा मी म्हटलं, कार्बोरेटरचं भोक लहान पडतंय, पेट्रोल कमी येतंय. भोक मोठं केलं. नवीन पिस्टन औरंगाबादहून यायचा होता आणि नामांतराच्या बंदमुळे एसटी तीन दिवस आलीच नाही. ते तीन दिवस तू कॅन डोक्यावर घेऊन फाट्याला गेलास. दोन खेपा, रोज. शेजारची कस्तुराबाई तिची घागर घेऊन तुझ्या मागून चालायची आणि मला ऐकू जाईल असं ओरडायची, "आगं कावेरे, तुज्या इंजनापरीस माझी म्हैस बरी! दोन येळा दूध देती अन् पिस्टन मागत न्हाई." तू हसायचास. मला हसू यायचं नाही.

तो पिस्टन बसल्यावर थोड्याच दिवसांत तू मला एक गोष्ट सांगितलीस. मला तारीख आठवत नाही, पण तू चाकाचा चिखल काढत होतास आणि मी जेवायला बसले होते हे आठवतं. तू म्हणालास, "आक्का, हात सोडला तरी ह्याची रेस लगेच खाली येईना. थोडा वेळ तसंच पळायलंय." मी म्हटलं, केबल अडकत असेल, तेल सोड. दुसऱ्या दिवशी तू केबल नवीन घातलीस आणि पुन्हा सांगितलंस, "तसंच हाय गं. अन् गरम झाल्यावर लय करतंय." मी म्हटलं, तुला वाटतंय. तिसऱ्यांदाही तू सांगितलंस, पण माझ्याकडे न बघता, मुंजाजीला सांगितल्यासारखं. त्यानंतर तू ते बोलणं सोडून दिलंस.

भुजंग, हात सोडल्यावर रेस खाली न येणं ही दोन-स्ट्रोक इंजिनात बाहेरची हवा आत शिरत असल्याची पहिली खूण आहे. ती माझ्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात होती आणि मी तिच्यावर परीक्षेत उत्तर लिहिलं होतं. या इंजिनात पेट्रोल, तेल आणि हवा आधी खालच्या पेटीत येतात, जिथे क्रँक फिरते, आणि तिथून वर जातात. पेटीला कुठे फट असली तर हवा चोरून आत येते. हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं की आग जास्त गरम होते आणि पिस्टनचं डोकं वितळतं. अशा वेळी माणूस घाबरून तेल वाढवतो. पण तेल वाढलं की तितकंच पेट्रोल कमी जातं, म्हणजे आग आणखी गरम. अण्णा आठ महिने काळजीने जी दोन झाकणं वाढवत होते त्यामुळे चौथा पिस्टन उलट थोडा लवकरच गेला असेल.

रविवारी, सहा तारखेला, मी गावी गेले. सोबत नवा पिस्टन, गॅस्केटचा संच, सायकलचा पंप आणि रबराचे तुकडे नेले. इंजिन खाली उतरवलं. धूर बाहेर जायचं तोंड लाकडी गुल्ली मारून बंद केलं, कार्बोरेटरच्या जागी रबर बसवून त्यातून पंपाची नळी घेतली. कस्तुराबाईने तिच्या कपडे धुण्याच्या साबणाचा फेस करून दिला. मुंजाजी हळूहळू पंप मारत होता आणि मी ब्रशने सगळ्या जोडांवर फेस लावत होते. सिलिंडरच्या बुडाला काही नाही. सीलपाशी काही नाही. मग खालच्या पेटीचे दोन अर्धे जिथे जुळतात तिथे, पुढच्या अंगाला, बुडबुडे आले. भाताच्या आधणाला येतात तसे, बारीक आणि न थांबणारे. मुंजाजी म्हणाला, "आक्का, हितं तर श्वास घ्यायलाय की हे." दिनकरराव मिस्त्रीने पिस्टन बदलताना हा जोड कधी उघडला नव्हता. तूही नाही. पिस्टनसाठी वरचंच उघडावं लागतं. ती पेटी एकदाच उघडली होती आणि एकाच माणसाने बंद केली होती.

मी ती उघडली. आता गॅस्केटच्या वादाचं लिहिते. तुला आठवत असेल, त्या दिवशी त्या जोडाच्या फटीत दाबून बसवायचं गॅस्केट आपल्याकडे नव्हतं. इकडचे सगळेच मिस्त्री कॅलेंडरच्या नाहीतर पत्रिकेच्या जाड कागदातून कापून घेतात, साबण लावतात आणि बसवतात. तू म्हणालास, परभणीहून बरोबरचं आणू, दोन दिवस थांबू. मी माळ्यावर चढले आणि माझ्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा काढला. लग्न मोडून पाच महिने झाले होते आणि दीडशे पत्रिका उरल्या होत्या. तू माझा हात धरलास. म्हणालास, "आक्का, हे नको. दुसरं कायबी घे." मी म्हटलं, कागद चांगला जाड आहे, वाया कशाला घालवायचा. आणि कात्री घेतली. तू बोल्ट देत राहिलास, पण त्या दिवशी तू जेवला नाहीस. तू नको म्हणालास ते माझ्यासाठी हे मला तेव्हाही कळलं होतं. मला ते नको होतं. त्या पत्रिकांचं मला काही वाटत नाही हे कुणालातरी दाखवायचं होतं, आणि समोर तूच होतास.

तीन वर्षांत पेट्रोलने आणि उष्णतेने तो कागद आकसला होता. पुढच्या बाजूला बोटाच्या पेराएवढा तुकडा गेलाच होता. उरलेला जोडाला चिकटला होता, ब्लेडने खरवडून काढावा लागला. त्यावर सोनेरी अक्षरं अजून होती. एका बाजूला 'चि. सौ. कां.' आणि पुढे 'कावे' इतकं वाचता येत होतं. मुंजाजीला वाचता येत नाही. दिनकररावला येतं, तो कामाच्या निमित्ताने तिथे आला होता. तो वाचून काही बोलला नाही. हा त्याचा चांगुलपणा मी लक्षात ठेवणार आहे.

त्या तिसऱ्या पिस्टनबद्दल आता लिहिते, तो तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. सत्याऐंशीचा पोळा तीन दिवसांवर होता. अंगणात शिंगं रंगवायचं काम चाललं होतं, दहाबारा माणसं होती. इंजिन फळीवर उघडून ठेवलं होतं. अण्णांनी दिनकररावला विचारलं, आणि तो मिशीत हसून म्हणाला, "आता डिप्लोमाला इचारा की दत्तराव, आमी काय अडाणी माणसं." सगळे माझ्याकडे वळले. अण्णांनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "सांग. कशानं गेलं?" मी सिलिंडर काढलेल्या तोंडातून हात घातला, कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला बोट लावलं, आणि म्हटलं, "तेल घातलेलं नाही." तू म्हणालास, "घातलंय. आक्का, देवाशप्पथ घातलंय." अण्णा तुला जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मी फडक्याला हात पुसत होते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीच्या सकाळी, तू गेलास.

तू आता खोकी भरायच्या कामावर आहेस असं आई सांगते. शेजारी मशीनशॉप आहे आणि त्यांनी दोनदा विचारलं, पण तू नाही म्हणालास. आईला लिहिलंस, "मशीनचं आपल्याला जमत न्हाई, आपल्या हातानं इस्कोट हुतो." ते मीच तिला वाचून दाखवलं. दोनदा दाखवावं लागलं, कारण पहिल्यांदा तिला ऐकू आलं नाही.

रविवारी मी अण्णांना अंगणात बोलावलं. कस्तुराबाई, मुंजाजी, दिनकरराव होतेच; दूध घालायला आलेली आणखी सातआठ माणसं होती. मी त्यांना फेस दाखवला, फट दाखवली, तो कागद दाखवला. सांगितलं की चारही पिस्टन या एका फटीने गेले, की भुजंगने ही खूण मला तीनदा सांगितली होती आणि मी ऐकली नाही. अण्णांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "म्हंजी पोरगं खरं बोलत हुतं." कस्तुराबाईने पदर तोंडाला लावला आणि मग म्हणाली, "दोन वर्सं लागली व्हय रे तुमाला एवढं कळायला? मला इचारलं असतं तर त्याच दिशी सांगितलं असतं मी. त्ये पोरगं खोटं बोललं की कान लाल हुतात त्येचे. त्या दिशी कान लाल नव्हते." अण्णा आत गेले. रात्रीपर्यंत ते बाहेर आले नाहीत, जेवले मात्र. मी निघाले तेव्हा मला म्हणाले, "त्याला लिही. माझं नाव घालून लिही." मी ते घातलं आहे.

पण हे पत्र मी गॅस्केटसाठी लिहिलेलं नाही. कागद चुकीचा लावणं ही चूक आहे, ती कुणाच्याही हातून होते, आणि तेवढंच असतं तर मी पोस्टकार्डावर भागवलं असतं. त्या दिवशी मी बेअरिंगला बोट लावलं तेव्हा बोट तेलाने ओलं झालं होतं. तेल घातलं नसतं तर ते बेअरिंग आधी कोरडं पडून निळं झालं असतं. ते चकचकीत होतं, आणि माझ्या बोटावर तेल होतं. दिनकरराव हसत होता, अण्णा वाट बघत होते, आणि मला खरं कारण माहीत नव्हतं. माहीत नाही असं दहा माणसांत म्हणण्यापेक्षा तुझं नाव घेणं मला सोपं वाटलं. तू माझ्याकडे पाहत होतास तेव्हा मी फडक्याला पुसत होते ते तेच तेल. हेही मी रविवारी अंगणात सांगितलं, सगळ्यांदेखत. अण्णांनी मान वर केली नाही. तू ये असं मी लिहिणार नाही, तो अधिकार मी घालवला आहे. इंजिन मी बरोबरचं गॅस्केट घालून जोडून ठेवलंय. पिस्टन नवा आहे, तेल मापात आहे. किक मारलेली नाही. मुंजाजीने दोनदा विचारलं, मारू का, आणि मी नाही म्हटलं. हात सोडल्यावर रेस खाली येते की नाही, ते ज्याने पहिल्यांदा ऐकलं होतं त्यानेच ऐकावं.

तुझीच,
आक्का